चाळीस किलोमीटरनंतर

खल्फानची क्रेसिडा, सत्त्याऐंशीची.
रंग एकेकाळी निळा असावा,
बॉनेटच्या आतल्या बाजूला अजून आहे तसा.
सूरहून निघते तक्रार न करता
आणि कामिलच्या अलीकडे, चाळीसेक किलोमीटरवर,
दोन आचके देते आणि बसते.
अर्धा तास थांबलं की पुन्हा चालू.
"पेट्रोल मा फी," खल्फान म्हणतो.
काटा अर्ध्यावर असतो.

मी हर्णैचा. गाड्यांच्या आधी बोटींची इंजिनं शिकलो,
चुलत्याच्या हाताखाली. तो म्हणायचा,
ठिणगीचं मागाहून बघू, आधी विचार, जेवलंय का.

कार्ब्युरेटरच्या घशात बॅटरी मारली,
ॲक्सिलरेटर ओढला: बारीक धार, नीट.
फिल्टर काढून फुंकला. चिमूटभर वाळू.
इथे वाळू सगळ्यातच निघते,
माझ्या पासपोर्टातसुद्धा.
फिल्टर नवा घातला. आठ दिवसांनी गाडी दोरीने ओढून परत.

पंपाची नळी बाटलीत सोडली, मोफिजने स्टार्टर मारला,
भक्, भक्, भक्,
बाटली भरत आली.
तरीही पंप बदलला. नऊ रियाल.
कारण काहीतरी बदलल्याशिवाय
गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत बघवत नाही.

मग म्हटलं, ऊन. नळीतच पेट्रोलची वाफ होत असणार,
जूनमध्ये सूरला माणसाची होते.
पंपावर ओलं फडकं गुंडाळलं,
नळी एक्झॉस्टपासून वीतभर लांब नेली.
खल्फानने त्या फडक्याला दुवा दिला.
एक्केचाळिसाव्या किलोमीटरला बसली.

माझ्याकडे मात्र ती कधीच बंद पडली नाही.
दुपारभर चालू ठेवली,
मोफिज तिच्याशेजारी जेवला, तिथेच झोपला,
ती आपली एका लयीत.
डॉक्टरच्या दारात उतरणारा ताप असतो, तसं.
रात्री घरी फोन केला की बायको विचारते, बरे आहात ना?
पाच मिनिटांच्या फोनवर
मीही कधी बंद पडलेलो नाही.

परवा शमीरच्या टपरीवर नवा पोरगा
दुधाच्या डब्याला खिळ्याने एकच भोक पाडून
डबा उपडा धरून हलवत होता.
एक थेंब आला, लोंबला, तिथेच राहिला.
शमीरने डबा हिसकला, पलीकडच्या कडेला दुसरा खिळा ठोकला.
"एक दुधाला, एक हवेला, गाढवा."
धार सुटली.
मी चहा तसाच ठेवून उठलो.

कारण गाडी आली की मी आधी काय करतो?
टाकीचं झाकण काढतो, वास घेतो.
शिळं पेट्रोल वार्निशसारखं येतं; चुलत्याची शिकवण.
आणि झाकण जे बाकावर ठेवतो
ते गाडी जाईपर्यंत.

खल्फानला शेजारी बसवलं. झाकण घट्ट. मागे दोन शेळ्या.
अडतीस. एकोणचाळीस.
आचका. दुसरा.
मी उतरलो, मागे गेलो, झाकण पाव फेरा फिरवलं.
स्ससससस
हवा आत जात राहिली, कितीतरी वेळ,
जशी कुणीतरी पाण्याखालून वर येऊन घेतो.
मग किल्ली. पहिल्या फटक्यात.

झाकणाच्या आतल्या बाजूला प्लॅस्टिकची पिशवी,
चौघडी घालून, दोऱ्याने गच्च आवळलेली.
"वाळू जाऊ नये म्हणून," खल्फान म्हणाला,
"त्या वादळानंतर. मीच बांधली."
गाठ जाळ्याची होती. हर्णैला हीच मारतात,
सुटता सुटत नाही, दाताने सोडवली.

नऊ रियाल काढून पुढे धरले. त्याने घेतले नाहीत.
इंजिन चालूच होतं, निघायला हवं होतं,
पण तो रस्त्याकडेला बसला आणि बोलायला लागला,
मस्कतला असलेल्या मुलाबद्दल, बहुतेक.
त्याचं अरबी मला निम्मंच कळत होतं.
मी मध्ये बोललो नाही.